सुडाच्या खेळात बाई कुठे आहे?

मागच्या उन्हाळी सुट्टीत घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत आम्ही किशोरवयीन मुलामुलींचं शिबिर घेतलं. विषय नेहमीचेच होते. वयात येताना होणारे बदल, घरातली कामं कोणी करायची, छेडछाड म्हणजे काय, राग आला की काय करायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाच-सहा मुलगे मंडळाच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती गोळा झाले होते. लॅपटॉप कोणाच्या तरी मावसभावाचा. मी डोकावले तर एकजण उत्साहाने म्हणाला, "ताई, बघा ना, यात आपली मुंबई आहे!"

मी बघितलं. काळा सूट, लाल टाय, तुळतुळीत टक्कल आणि मानेमागे बारकोड गोंदलेला एक गोरा माणूस झोपडपट्टीच्या गल्लीबोळांतून चालला होता. पत्र्याची छपरं, वाळत घातलेले कपडे, गर्दी. पडद्यावर एका बाईचा फोटो आला.

"ही कोण?" मी विचारलं.

"ती टार्गेट आहे, ताई. तिला मारायचंय."

"आणि या गल्लीतल्या बाकीच्या बायका?"

मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "त्या अशाच आहेत."

त्या अशाच आहेत! मैत्रिणींनो, हे वाक्य मला काही केल्या विसरता येत नाही. हा लेख त्या वाक्यातूनच निघाला आहे.

त्या खेळाचं नाव 'हिटमॅन २'. डेन्मार्कच्या 'आयओ इंटरॅक्टिव्ह' कंपनीने तो नोव्हेंबर २०१८ मध्ये बाजारात आणला. २०१६ सालच्या 'हिटमॅन'चा हा पुढचा भाग, आणि २०२१ मध्ये याचाही पुढचा भाग आला. नायक एजंट ४७ हा पैसे घेऊन खून करणारा मारेकरी. त्याला लहानपणी प्रयोगशाळेतच मारेकरी म्हणून घडवलेलं आहे. तिथल्याच दुसऱ्या एका मुलाबरोबर त्याने शपथ घेतलेली असते की, ज्यांनी आपल्याला असं घडवलं त्यांचा सूड घ्यायचा. विसरलेली ती शपथ या भागात त्याला आठवते आणि मग सूड सुरू होतो. जगातल्या वेगवेगळ्या शहरांत त्याचे टप्पे आहेत. त्यातला एक आपल्या मुंबईचा. तिथे तीन माणसांना संपवायचं आहे: वझीर काळे नावाचा चाच्यांचा म्होरक्या, एक सिनेमा निर्माता, आणि झोपडपट्टीची राणी म्हणवणारी वान्या शहा.

खेळ देखणा आहे, हे मान्य करायला हवं. नुसत्या धाडधाड गोळ्या झाडायच्या नाहीत. वेष बदलायचा, वाट बघायची, डोकं चालवायचं. मुलांना तो का आवडतो ते कळतं. त्यात एक नियमही आहे. ज्याला मारायचं ठरलेलं नाही असा माणूस मारला, तर गुण कापले जातात. या नियमाकडे मी पुढे परत येणार आहे.

बहिणीचं नाव काय?

दुपारच्या सत्रात मी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवला. मुलग्यांचे चार गट केले आणि सांगितलं, तुम्हीच एका खेळाची गोष्ट रचा. गावं, रस्ते, शत्रू, सगळं तुमच्या मनाचं.

चारपैकी तीन गोष्टींची सुरुवात एकच निघाली. एका गटात हिरोच्या बहिणीवर अत्याचार होतो आणि तिला मारून टाकतात. दुसऱ्यात बायकोला मारतात. तिसऱ्यात 'गर्लफ्रेंड'ला. मग हिरो निघतो. एकेकाला शोधून मारतो. बोरिवलीच्या जंगलात शेवटची मारामारी. मुलांनी रस्ते आखले होते, हत्यारं काढली होती, शत्रूंची नावंही ठेवली होती. मी विचारलं, "बहिणीचं नाव काय?"

तिन्ही गटांत कोणीही नाव ठेवलेलं नव्हतं.

ही मुलं वाईट नाहीत. त्यातली दोघं आईला पाणी भरू लागतात, एकजण धाकट्या बहिणीला शाळेत सोडतो. हा साचा त्यांनी स्वतः बनवलेला नाही, त्यांना तो तयार मिळाला आहे. आणि हा साचा फक्त परदेशातून आलेला नाही.

२००८ च्या डिसेंबरमध्ये 'गजनी' हा हिंदी सिनेमा आला, आणि त्यावर त्याच नावाचा संगणकावर खेळायचा खेळही हैदराबादच्या कंपनीने केला. नायक मुंबईतला मोठा उद्योगपती. त्याची प्रेयसी कल्पना हिचा लोखंडी सळीने खून होतो आणि नायक पंधरा मिनिटांपलीकडे काही लक्षात न राहणाऱ्या मेंदूने, अंगावर गोंदवून घेतलेल्या खुणांच्या आधारे सूड घेतो. आपल्याला त्याचे गोंदलेले स्नायू आठवतात. पण कल्पना का मारली गेली, ते किती जणींना आठवतं? विकायला नेल्या जाणाऱ्या मुलींना तिने सोडवलं, म्हणून. म्हणजे आपण वस्त्यांत आणि रेल्वे स्टेशनांवर करतो ते काम तिने केलं होतं. त्या गोष्टीत खरी लढाई लढलेली व्यक्ती ती होती. पण गोष्टीने तिला मारलं, तिची लढाई नायकाच्या हवाली केली, आणि मुलींच्या विक्रीचा प्रश्न कडेला पडून एका पुरुषाचं दुःख मध्यभागी आलं. खेळात तर खेळणारा पहिल्यापासून नायकच असतो. कल्पना होऊन त्या मुलींना सोडवायला मिळत नाही.

'हिटमॅन'च्या मालिकेत बाईच्या वाट्याला काय आलं, तेही पाहू. २०१२ साली 'हिटमॅन: ॲब्सोल्यूशन' हा भाग आला. त्याच्या सुरुवातीलाच मारेकरी डायना बर्नवुड या आपल्या सहकारी बाईला गोळी घालतो, ती न्हाणीघरात असताना. त्याच वर्षी मे महिन्यात या भागाची जाहिरातफीत निघाली. नन्सच्या वेषातल्या बायका येतात, अंगावरचे झगे उतरवतात, आत चकचकीत तंग कपडे आणि शस्त्रं, आणि मग नायक एकेकीला ठार करतो. आधी बघायला उघडी करायची, मग मारायची. जगभर टीका झाली आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

डायनाबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ती हुशार आहे, अधिकारपदावर आहे, कामगिरी तीच नेमून देते. पण बहुतेक वेळ ती मारेकऱ्याच्या कानातला आवाज असते. २०१८ च्या भागाच्या शेवटी उघड होतं की तिच्या आई-वडिलांना या नायकानेच मारलं होतं. म्हणजे सगळ्या गोष्टीत जाब विचारायचा सर्वांत मोठा हक्क जिचा, ती शेवटपर्यंत त्याच्याच मोहिमेत सोबत करते! तिने बंदूक उचलावी असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याचं बालपण तेवढं सुडाला पात्र, आणि तिचं दुःख कथानकातलं एक वळण, ही वाटणी कोणी केली?

या वाटणीवर बोलणाऱ्या बाईचं काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. अनिता सार्कीशियन या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईने व्हिडिओ गेममधल्या स्त्रीचित्रणावर व्हिडिओंची मालिका केली. 'हिटमॅन'बद्दलही ती बोलली. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातल्या विद्यापीठात तिचं भाषण ठरलं होतं. गोळीबार करून हत्याकांड करू, अशी धमकी आली. सभागृहात बंदुका आणायला बंदी घालता येत नाही असं कळल्यावर तिला भाषण रद्द करावं लागलं. 'हा नुसता खेळ आहे, एवढं मनावर काय घेता,' असं म्हणणाऱ्यांशी बोलताना ही धमकी लक्षात ठेवू या.

भाऊ मारून आले, पुढे काय?

खेळ खेळून मुलगे खुनी होतात, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. सुडाची गोष्ट 'न्याय' या शब्दाचा अर्थ बदलते. न्याय म्हणजे एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला संपवणं, असं ती शिकवते. बाईचं जे नुकसान झालं त्याची भरपाई, तिचं म्हणणं, तिचं पुढचं आयुष्य या गोष्टी त्या अर्थात बसतच नाहीत.

मुलुंडच्या एका बाईची हकीकत सांगते. नवऱ्याचा मार अकरा वर्षं सोसला. एके दिवशी तिचा हात मोडला, तेव्हा माहेरी कळलं. दोन्ही भाऊ तावातावाने आले, नवऱ्याला रस्त्यात गाठून बदडलं आणि परत गेले. वस्तीत वाहवा झाली. "भाऊ असावेत तर असे!" नवऱ्याने त्या मारहाणीचीच तक्रार केली. आता भावांना स्वतःची केस मिटवायची होती. मिटवायची म्हणजे काय? बहिणीने तिची तक्रार मागे घ्यायची. दोन्हीकडची मंडळी बसली, चहा झाला, आणि तिला पुन्हा त्याच खोलीत नेऊन सोडलं.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी विचारलं, "ताई, तुम्हाला काय हवंय?" तिने बोटांवर मोजून सांगितलं. खोलीतून मला कोणी बाहेर काढू नये. मुलांच्या शाळेचा खर्च मिळावा. रेशनकार्ड माझ्या हातात असावं. आणि त्याने पुन्हा हात उचलला तर पोलिसांनी लगेच यावं.

या यादीत सूड नाही. आणि या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची तरतूद कायद्यात आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, खोली कोणाच्याही नावावर असो, बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. संरक्षणाचा आदेश, खर्चाचा आदेश, संरक्षण अधिकारी, सगळं त्यात आहे. जुनं ४९८ अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाने आहे. पण हे मिळवायचं तर तारखा पडतात, कागद लागतात, कामावर खाडे होतात. या लढाईचा खेळ कोणी बनवत नाही. कारण यात नायक ती स्वतः असते.

'बदला पुरा'

आता पडद्याबाहेर येऊ. कारण हा साचा लॅपटॉपमध्येच राहिला असता, तर मी एवढी पानं खर्च केली नसती.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्या संतापात आपणही होतो. प्रश्न साधे होते. शाळेने काय दडवलं? पोलिसांनी तक्रार घ्यायला उशीर का केला? लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाई कर्मचारी का नव्हती?

२३ सप्टेंबर २०२४ ला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला. दोनच दिवसांत मुंबईत फलक झळकले: 'बदला पुरा'. त्यावर तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस हातात पिस्तूल घेतलेले दाखवले होते. गावाच्या नावावर केलेली ती कोटी होती. खेळाचा टप्पा पार झाल्यावर पडद्यावर येणाऱ्या अक्षरांसारखीच ती दिसत होती.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयासमोर आला. त्यात या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं म्हटलं होतं. आणि एक तारीख आपण ध्यानात ठेवायला हवी. मुंबईतल्या चकमकींबद्दल पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने लढवलेल्या खटल्यात, अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी कशी व्हावी याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले, ते २३ सप्टेंबर २०१४ ला. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, ही गोळी सुटली.

त्या दोन मुलींना काय मिळालं? आरोपीवरचा खटला संपला. भर न्यायालयात, पुराव्यानिशी, 'तुमच्यावर अन्याय झाला आणि तो याने केला' हे शब्द त्यांना कधीच ऐकायला मिळणार नाहीत. आणि शाळेला, पोलिसांना विचारायच्या प्रश्नांवरची लोकांची नजर त्या फलकांनी काढून घेतली. सुडाच्या गोष्टीची हीच सोय असते. खलनायक एकच असतो आणि तो मेला की बाकी सगळे सुटतात.

मघाचा तो नियम आठवा. खेळातल्या मारेकऱ्याने भलत्याच माणसाला मारलं तर त्याचे गुण कापले जातात. आपल्या शहरातल्या मारेकऱ्यांना हिशेब द्यायला किती वर्षं लागतात? नोव्हेंबर २००६ मध्ये अंधेरीत वर्सोव्याला एका माणसाला चकमकीत मारल्याचं पोलिसांनी सांगितलं. प्रत्यक्षात त्याला त्याच दिवशी वाशीहून उचललं होतं. त्याच्या वकील भावाने पिच्छा सोडला नाही. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यांत १३ पोलीस होते. ज्या नावाजलेल्या 'एन्काउंटर स्पेशालिस्ट' अधिकाऱ्याची तेव्हा सुटका झाली, त्याला उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली. म्हणजे सतरा वर्षं! दरम्यान त्याच अंधेरीतल्या लोखंडवाला भागात १९९१ साली झालेल्या गोळीबारावर सिनेमा निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायकांनी सूड घेतला, त्याचं काय?

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. "ताई, नागपूरच्या बायकांनी केलं ते चूक होतं का?" १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केलं. त्याने वर्षानुवर्षं त्या वस्तीतल्या बायकांवर बलात्कार केले होते, खून केले होते. त्या बायकांना दोष देण्याचा मला काय अधिकार? पण त्या दिवसापर्यंत त्या काय करत होत्या ते विसरू नका. त्या तक्रारी करत होत्या. पुन्हा पुन्हा पोलिसांकडे जात होत्या आणि हाकलल्या जात होत्या. सर्व दारं बंद झाल्यावर जे घडलं, त्याला आपण विजय म्हणायचं की पोलिसांचा आणि न्यायव्यवस्थेचा पराभव? नंतर त्या बायकांनी खटल्याचं ओझं वर्षानुवर्षं वाहिलं. सुडाच्या गोष्टी ही पुढची वर्षं दाखवत नाहीत.

आपल्या चळवळीची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. १९७२ मध्ये आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने तिच्या बाजूने गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं. एक पत्र आणि हजारो पावलं. कोणी एजंट ४७ आला नव्हता.

मग करायचं काय?

बंदी मागायची का? माझं उत्तर, नाही. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला, त्याचा अनुभव आपल्याला आहे. 'असभ्य' काय ते सत्ता ठरवते, आणि तेच हत्यार उद्या बायकांच्याच लिहिण्या-बोलण्यावर उगारलं जातं. शिवाय बंदी घातलेला खेळ मोबाइलवर दुप्पट वेगाने फिरतो.

पण गप्प बसायचं, असाही याचा अर्थ नाही. सिनेमा, मालिका आणि जाहिरातींवर आपण वर्षानुवर्षं बोललो. मुलांचे तासन्‌तास जिथे जातात, त्या खेळांबद्दल आपल्या बैठकांत चकार शब्द निघत नाही. 'आम्हाला त्यातलं कळत नाही,' असं आपण म्हणतो. मलाही कळत नव्हतं. मुलांशेजारी बसले, विचारलं, त्यांनी शिकवलं. मुलग्यांबरोबरच्या प्रत्येक शिबिरात एक सत्र यावर घ्या. खेळ काढून घेऊ नका. प्रश्न विचारा. हिला नाव आहे का? हिला काय हवं होतं? ही मेली नसती तर गोष्ट पुढे कशी गेली असती?

वेगळी गोष्ट रचता येते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी स्वतःच्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. तोही लढाईचाच खेळ आहे, देवदानवांचा आहे, त्यावरही आपल्याला बोलता येईल. पण तिथे चालते, पडते, उठते ती मुलगी.

आणि उद्या कुठल्याही प्रकरणात 'एन्काउंटर करा'चा घोष सुरू झाला, तर त्या गर्दीत उभं राहून वेगळी मागणी मांडायचं धैर्य आपल्याला दाखवावं लागेल. तक्रार वेळेत नोंदवा. खटला जलद चालवा. मुलीला समुपदेशन द्या. जबाबदार संस्थेला जाब विचारा. या घोषणांना टाळ्या कमी पडतील, हे मला माहीत आहे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी त्याच मुलांना त्याच गोष्टी पुन्हा रचायला दिल्या. अट एकच घातली: बहीण मरणार नाही. बराच वेळ शांतता होती. मग एक मुलगा वैतागून म्हणाला, "ताई, ती मेली नाही तर मग हिरो करणार काय?"

मागे बसलेल्या मुलींमधून उत्तर आलं, "तिला विचार ना!"